मधल्या सुट्टीतला मिस कॉल

शाळेतल्या मोबाईलबंदीचा नियम मी लिहिला. सही मुख्याध्यापकांची, शिक्का शाळेचा, पण शब्द माझे. आमच्या घरातले पुरुष निजामाच्या काळापासून कचेरीत कारकुनी करत आले. त्या कचेऱ्या गेल्या, घरातली उर्दू गेली, मोडी गेली, पण अर्ज आणि नियम लिहायची खाज काही गेली नाही. सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "मसुदा कोण करतंय?" तेव्हा बाकीचे सगळे पुढ्यातल्या पोह्यांकडे बघायला लागले आणि मी पेनाचं टोपण काढलं.

नियमाचं निमित्त तसं हसण्यासारखं होतं. दहावीतल्या एका मुलानं चित्रकलेच्या सरांचा वर्गात घोरतानाचा व्हिडिओ काढला आणि दोन दिवसांत तो कॉलनीतल्या भाजीवाल्यापर्यंत पोचला. सर बिचारे घराबाहेर पडेनात. मुलं त्याआधीही मोबाईल आणत होतीच. मुलींना नको ते मेसेज जात होते, एकीनं रडत येऊन मला सांगितलंही होतं. पण नियमाची निकड आम्हाला वाटली ती आमच्यातला एक जण घोरताना दिसला तेव्हा. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मी मसुद्याच्या सुरुवातीला 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण हितासाठी' असं लिहून ते झाकून टाकलं.

दुष्काळाची वर्षं होती ती. औरंगाबाद तेव्हा बायपासच्या पलीकडे भराभर पसरत होतं आणि आमची शाळा त्या पसरत्या टोकावर होती. तिकडे आधी अपार्टमेंटची पाटी लागायची, मग माणसं राहायला यायची, रस्ता सावकाश यायचा आणि पाणी यायचंच नाही. सगळा कारभार टँकरवर. टँकर आला आणि घरी कुणी नसलं तर तो पुढच्या गल्लीत निघून जायचा, मग चार दिवस बादल्यांनी शेजाऱ्यांकडे फेऱ्या. मसुदा वाचून दाखवल्यावर एक बाई घाईघाईनं म्हणाल्या, "हे आपल्याला लागू नाही ना हो? माझ्या टँकरवाल्याचा फोन अकराला येतो." सगळ्यांच्या माना हलल्या, माझी सगळ्यांत आधी. मग मी 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द ठळक केला.

नियम असा होता: शाळेच्या आवारात विद्यार्थ्याजवळ मोबाईल आढळल्यास तो बंद करून कार्यालयात जमा केला जाईल आणि फक्त पालकांच्या हाती परत मिळेल. पालकांना शाळेत यायला लावायचं, ही माझी कल्पना. मला ती फार हुशारीची वाटली होती. कंपनीत रजा टाकून बाप एकदा येऊन गेला की पोरगं पुन्हा फोन आणायची हिंमत करणार नाही, असा माझा हिशेब. बरेच महागडे फोन असेच सापडले आणि बरेच बाप येऊन गेले. मुलं वठणीवर आली, हेही खरं.

मग एकदा मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे मला आठवीतली एक मुलगी दिसली. त्याच वर्षी गंगापूरकडच्या एका खेड्यातून आलेली. गावातली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून शहरात मावशीकडे राहत होती. वर्गात फारसं बोलायची नाही, पण विज्ञानाच्या वहीतल्या आकृत्या अशा काढायची की मी त्या दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवायचे. तिच्या हातात बटनांचा जुना फोन होता, मागचं झाकण निसटू नये म्हणून रबर लावलेला.

"मॅडम, बाबांचा मिस कॉल येतो," ती म्हणाली. "मी उलटा दिला की त्यांना कळतं."

"काय कळतं?"

"की मी शाळेत हाय."

सबबी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आजीला बरं नाही, क्लासचा मेसेज येणार आहे, हा फोन माझा नाहीच. त्यातलीच ही एक, असं मी धरलं. "तू शाळेत आहेस हे हजेरीवरून कळतं," असं म्हणून तिच्यासमोरच मी फोन बंद केला. बंद होताना त्यानं एक बारीकशी धून वाजवली. ती मुलगी रडली नाही, नुसती म्हणाली, "मॅडम, बंद नका करू, वाजू द्या. उचलला नाय तरी चालंल." मी फोन कपाटात टाकून हात झटकले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिचे वडील फाटकाशी उभे होते. पहाटेच्या जीपनं गंगापूर, तिथून एसटी, मग रिक्षा. गावाकडे कपाशी गेली होती, जनावरं चारा-छावणीत होती आणि नवरा-बायको आलटून पालटून तिथंच मुक्कामाला. पायांवर धूळ, डोळे जागरणानं लाल. ऑफिसात बसा म्हटलं तर बाकाच्या अगदी कडेला बसले.

"काल दुपारपासून फोन बंद," ते म्हणाले. "बंद फोन म्हणजी काय काय मनात येतं, मॅडम. राती मावशीच्या मालकाला फोन लागला तवा जिवात जीव आला. हिची माय तर भाकरीला शिवली नाय."

मुख्याध्यापकांनी त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. मग आपली बाजू सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात नाही. पोरीला शहरात ठेवायला घरात कुणीच तयार नव्हतं. बायको म्हणे नको, भाऊबंद म्हणत होते लोक काय म्हणतील. एकटे हेच तिच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमोर बोली केली: रोज मधल्या सुट्टीत मी एक मिस कॉल देणार, तिनं उलटा द्यायचा. पैसा लागत नाही आणि लेकरू ठिकाणावर आहे ते कळतं. ज्या दिवशी उलटा येणार नाही त्या दिवशी मी स्वतः जाऊन तिला घेऊन येईन.

"आता तुमचा नियम आसा, आन माझा शबुद तसा," ते म्हणाले. "नेतो मी तिला. तुमची काय चूक नाय."

मुलगी दाराशी उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. सर म्हणाले, "एकाला सूट दिली की उद्या सगळे येतील. काय मॅडम, नियम तुम्हीच लिहिलाय."

मी चटकन बोलून गेले, "भाऊ, तुम्ही माझ्या फोनवर मिस कॉल द्या. तिला बघून मी उलटा देईन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रोज?"

"रोज."

"डोळ्यानं बघून?"

"डोळ्यांनी बघून."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी हात जोडले. "मग तर फोनपरीस बरं झालं, मॅडम. फोनचं काय, कुनी बी दाबल. तुमचा शबुद निराळा." गावाला परत गेल्यावर त्यांनी बायकोला आणि भाऊबंदांनाही हेच सांगितलं असणार. आता मास्तरीणबाई सोता बघती म्हणून. कपाटातला फोन मी त्यांच्या हाती दिला, त्यांनी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला, मी दोनदा वाचून दाखवला, आणि ते जीप गाठायला निघून गेले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. चूक केली आणि लगेच निस्तरलीही, असं वाटलं.

सुरुवातीला सगळं शिस्तीत चाललं. मधली सुट्टी झाली की ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहायची. माझा फोन एकदा वाजून थांबायचा. मी तिच्याकडे बघून उलटा मिस कॉल द्यायचे, ती मान हलवून जायची. सहकाऱ्यांना चेष्टेला विषय मिळाला. "मॅडम, तुमची हजेरी आली," असं म्हणून ते माझा फोन पुढे सरकवायचे. मीही हसायचे. फोन माझा, टेबल माझं आणि नियम मुलांना, हे कुणाच्या मनात आलं तरी कुणी बोललं नाही.

पण त्या मुलीचं काय होत होतं ते मला हळूहळू दिसायला लागलं. डबा खाऊन बाकीच्या मुली ग्राउंडवर पळायच्या, ही दाराशी उभी. फोन यायला कधी उशीर व्हायचा, छावणीत कडबा वाटत असले तर फारच. मग अर्धी सुट्टी तिची तिथेच जायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय गं, शिक्षा झालीय का?" तिच्याजवळ तिचा फोन होता तेव्हा निदान ती टाकीमागे एक बटन दाबून मोकळी व्हायची. मी तिला तिच्याच बापाच्या पहाऱ्यात आणून उभी केली होती आणि पहारेकरी मी होते. तिनं मात्र एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

नववीत गेल्यावर एकदा तिनं भीतभीत विचारलं, "मॅडम, मी लिंबाखाली बसले तर चालंल का? हितून खिडकीतून दिसते मी."

"चालेल की," मी म्हटलं. मला खरंच तिची कीव आली होती.

मग ती लिंबाखाली मैत्रिणींबरोबर बसायला लागली. फोन वाजला की मी खिडकीशी जाऊन बघायचे, तिची वेणी दिसली की मिस कॉल द्यायचे. पुढे पुढे खिडकीपर्यंत जायचंही राहून जायला लागलं. वह्यांचा गठ्ठा पुढ्यात असायचा, गॅदरिंगची तयारी असायची, टँकरवाल्याशी हुज्जत चालू असायची. फोन वाजायचा, माझा अंगठा आपसूक बटनावर जायचा. येत होतीच ना ती रोज? सकाळी वर्गात पाहिलेली असायची. नाहीतर काल पाहिलेली असायची. कधी कधी पेपर तपासता तपासता फोनकडे न बघता मी मिस कॉल देऊन टाकायचे, आणि मग मनात काहीतरी टोचायचं, तेही तेवढ्यापुरतंच.

नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. आज तर कुठल्याही घरात जाऊन बघा, मुलांच्या हातातून फोन सोडवताना आईबापांच्या नाकी नऊ येतात. पुन्हा मसुदा करायला बसवलं तर मी बंदीच लिहीन. फक्त लिहिताना तेव्हा मी एकाही मुलाला विचारलं नव्हतं की बाबा रे, तुझ्या घरी या फोनचं काम काय. घरोघरी फोन म्हणजे चैन, नाहीतर चाळे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कारण माझ्या ओळखीच्या घरांतून तेवढंच होतं.

गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. नववीतल्या तीन-चार मुली सकाळपासून वर्गात नव्हत्या. नाचाच्या कपड्यांसाठी त्या न विचारता गुलमंडीच्या बाजारात गेल्यात, असं मला एकीकडून कळलं होतं आणि त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं. माझा तास नव्हता, त्यामुळे नेमक्या कोण कोण नाहीत ते मी पाहिलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत फोन वाजला. एकदा वाजून थांबला नाही, वाजतच राहिला. मी समोर नाचाच्या गाण्याचा गोंधळ निस्तरत होते. चुकून जास्त वेळ वाजला असेल म्हणून मी तो कापला आणि सवयीप्रमाणे उलटा मिस कॉल दिला.

थोड्या वेळानं पुन्हा वाजला. आता मी उचलला.

"मॅडम, राम राम," तिचे वडील म्हणाले. "पोरगी आलीय का आज शाळंत?"

मी खिडकीशी गेले. लिंबाखाली तिच्या मैत्रिणी होत्या, ती नव्हती. मी लांबून हातानं विचारलं, त्यांनी हातानंच नाही म्हणून सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे एकदम गुलमंडी आली. म्हणजे ही पण गेली तर त्यांच्याबरोबर. आणि नेमकं आजच बापाला विचारायचं सुचलं. खरं सांगितलं तर हा माणूस संध्याकाळच्या आत येऊन तिला घेऊन जाणार. एवढ्याशा झगमग कापडापायी पोरीची शाळा जाणार. मला एक क्षणही लागला नाही.

"आलीय ना," मी म्हटलं. "आत्ताच तर मिस कॉल दिला तुम्हाला."

"तुमी पाह्यली?"

"हो, समोरच बसलीय. डबा खातेय."

पलीकडून गुरांच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

"मॅडम," ते म्हणाले, "ती हितं हाय. माझ्यापशी. काल सांजच्याला ताप आला म्हणून मावशीनं गाडीत बसवून दिली. दोन दिस येनार नाय, येवढं सांगायला फोन केलता मी. तुमचा उलटा आला म्हणून इचारलं."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचं मला बरंच वाटतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं, ठिवतो," म्हणाले आणि ठेवला.

मी तिथेच खुर्चीवर बसले. त्या मुलीनं काहीही केलं नव्हतं. तापानं फणफणत बापाजवळ झोपली होती. तिला वाचवायला म्हणून मी खोटं बोलले, आणि ते बोलताना तिच्यावरही विश्वास ठेवला नाही आणि बापावरही नाही. तिनं न सांगता भटकायला जावं, त्यानं ऐकून न घेता तिला फरपटत न्यावं, हे दोन्ही मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. खेड्यातली माणसं अशीच, हे कुठेतरी माझ्या हाडात बसलेलं होतं आणि ते त्या दिवशी बाहेर आलं.

ताप उतरल्यावर ते दोघं आले. तिनं गणवेश घातलेला होता, दप्तरही होतं. म्हणजे घरून निघताना अजून काही पक्कं ठरलेलं नसावं, असं वाटून मला थोडा धीर आला. मी त्यांना व्हरांड्यात घेऊन बसले. माफी मागितली, हात जोडून मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. तुमी तिच्या भल्यासाठीच बोलल्या, ते कळतंय मला."

मग ते मुद्द्यावर आले.

"पर मला घरी इचारत्यात ना. आता मागचे समदे मिस कॉल कसले म्हणायचे? एवढे दिस तुमी बघून देत व्हत्या का नाय, ते सांगा. माझ्यासाठी नाय इचारत. तिच्या मायला काय सांगू म्हणून इचारतो."

मुलगी पुढे झाली. "बाबा, मॅडम बघत व्हत्या. रोज बघत व्हत्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, सांगा ना. तुम्ही बघत होत्या ना रोज?"

तिला माहीत होतं. लिंबाखालून खिडकी दिसत होती, खिडकीत मी नसायचे हे तिला रोज दिसत होतं. तरी ती माझ्यासाठी खोटं बोलली होती आणि आता तेच खोटं माझ्याकडे मागत होती. एक शब्द हवा होता. हो, रोज. बाप तो घेऊन घरी गेला असता. त्याला तो हवाच होता, त्याच्या तोंडाकडे बघून ते कळत होतं. आणि नेमकी तेव्हा मला खरं बोलायची बुद्धी झाली. दोन दिवस मी स्वतःला एवढे बोल लावले होते की पुन्हा खोटं माझ्या तोंडातून निघेना. की मला त्यांच्यापेक्षा माझंच मन साफ करून घ्यायचं होतं, कोण जाणे.

"बहुतेक दिवस," मी म्हटलं.

"बहुतेक," ते म्हणाले. त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि सरांच्या ऑफिसकडे दाखला मागायला गेले.

सरांनी समजावून पाहिलं, मीही मागून बोलत राहिले. परीक्षा तोंडावर आलीय, हुशार आहे, निदान हे वर्ष होऊ द्या, तिचा फोन तिला वापरू द्या, मी नियम बदलून घेते. नियम बदलून घेते, हे मी त्या माणसाला तेव्हा म्हणत होते. ते प्रत्येक वेळी, "व्हय मॅडम, खरंय तुमचं," असं म्हणायचे आणि पुन्हा दाखल्याकडे बघायचे. गावाजवळ नववी नव्हती, हे त्या ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ती भिंतीशी उभी राहून दप्तराच्या पट्ट्याचं बक्कल लावत होती, काढत होती.

दाखला झाला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि आपल्याकडे शाळा सोडताना करतात तसं तिला म्हणाले, "मॅडमच्या पाया पड."

ती वाकली. असं कुणी वाकलं की आम्हा शिक्षकांच्या तोंडात जे असतं तेच माझ्याही तोंडात होतं. मी काही विचार करायच्या आत माझा हात तिच्या डोक्यावर गेला आणि मी म्हटलं, "खूप शीक."

ती उठून उभी राहिली. "हो मॅडम," म्हणाली.